तक्रार आणि हरकत: दोन्हींना एकच सॉफ्टवेअर लावू नका

एखादी नगरपालिका तक्रारींसाठी चॅटबॉट सुरू करते आणि 'कृत्रिम बुद्धिमत्तेतून लोकसहभाग' अशी बातमी छापून येते. हा घोळ आता थांबायला हवा. तुंबलेलं गटार कळवणं गरजेचं आहे, पण तो कारभारातला सहभाग नव्हे. गटार साफ ठेवायचं हे आधीच ठरलेलं असतं, फक्त ते झालेलं नसतं. सहभागाची जागा निर्णय कच्चा असतानाची. प्रारूप विकास आराखडा, प्रारूप प्रभाग रचना, भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना, पर्यावरण अधिसूचनेचा मसुदा अशा वेळी नागरिक जे लिहून देतो ती हरकत किंवा सूचना. दोन्ही कागद अर्जासारखेच दिसतात आणि दोन्हींवर आवक क्रमांक पडतो, म्हणून कार्यालयं तक्रारींसाठी घेतलेलंच सॉफ्टवेअर हरकतींवर चालवायला बघतात.

तक्रारीचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे. 'आपले सरकार', केंद्राचं तक्रार पोर्टल, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन. केंद्राच्या पोर्टलवर निपटाऱ्याची मुदत ऑगस्ट २०२४ पासून २१ दिवसांची झाली, आणि तक्रारींच्या विश्लेषणासाठी आयआयटी कानपूरने केलेली प्रणाली तिथे वापरात आहे. तक्रार योग्य खात्याकडे पाठवणं, तातडीची वर आणणं, दुबार ओळखणं ही कामं यंत्र चांगलं करतं. ते खुशाल करू द्यावं.

अडचण त्या दुबार ओळखण्यातच आहे. मिरजेत एक जलवाहिनी फुटली आणि ४० जणांनी कळवलं, तर काम एकच. चाळीस तक्रारी एकत्र केल्या, दुरुस्ती झाली, सगळ्या एकदम निकाली काढल्या, बरोबरच झालं. आता समजा, सांगलीत नदीकाठच्या एका प्रस्तावित रस्त्यावर ४० हरकती आल्या. त्यातल्या ३६ व्हॉट्सॲपवर फिरलेल्या एकाच मसुद्याच्या. एक म्हणते, आखणीत सार्वजनिक विहीर जाते. दुसरी म्हणते, मोजणीच्या नकाशात आणि आराखड्यात बांध जुळत नाही. तिसरी म्हणते, शेजारून सरकारी जागेतून रस्ता नेता येईल. चौथी म्हणते, जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे. तक्रारींचं सॉफ्टवेअर या सगळ्यांवर 'रस्त्याला विरोध, ४०' असा शिक्का मारतं आणि समितीच्या टिपणीत एक ओळ उरते. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडलेली पाहिलेल्या शहरात तेवढं एकच कारण अख्खी आखणी बदलायला पुरेसं ठरू शकतं. ते कुणी नाकारलेलं नसतं. ते समितीपर्यंत पोचलेलंच नसतं.

तक्रारीत मोजायचं ते काम, हरकतीत तपासायचं ते कारण. मागणी सारखी असली म्हणून हरकत सारखी होत नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा मसुदा ३१ जुलै २०२४ ला पुन्हा निघाला आणि ६० दिवसांत हरकती मागवल्या गेल्या. 'आमचं गाव यादीतून वगळा' ही मागणी पाटण, जावळीच्या कुठल्याही गावाची असू शकते. पण 'विकास थांबेल' ही भीती झाली, तर 'गावातलं नैसर्गिक क्षेत्र २० टक्क्यांहून कमी आहे' हे कारण थेट, या क्षेत्रात कुठली गावं घ्यायची ते सुचवणाऱ्या कस्तुरीरंगन समितीच्या निकषावर बोट ठेवतं आणि नकाशावर तपासता येतं. भीतीचीही दखल घ्यायला हवी, पण तिचं उत्तर वेगळं आणि या कारणाचं वेगळं.

यंत्र इथे का चुकतं तेही समजून घ्या. मजकुराचं ते आकड्यांत रूपांतर करतं आणि सारख्या शब्दांचे, सारख्या विषयाचे कागद जवळजवळ ठेवतं. प्रत्येक हरकतीत 'महोदय, वरील विषयास अनुसरून', तोच रस्ता, तेच गाव, तीच विनंती. कारण असतं वीस ओळींतल्या एका ओळीत, आणि ते उरलेल्या एकोणीस ओळींखाली दबतं. म्हणून आधी मायना, विषय आणि समारोप कापायचा. मग प्रत्येक कागदातून तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या: कशाबद्दल, काय हवंय, का हवंय. गट पाडायचे ते फक्त 'का' या रकान्यावर. एका कागदात तीन कारणं असतील तर तीन नोंदी करायच्या, आवक क्रमांक तोच ठेवून.

गट पाडायची पद्धतही बघून घ्या. काही पद्धती प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या गटात कोंबतातच. दुसऱ्या काही, न बसणाऱ्या नोंदी बाजूला ठेवतात. हरकतींना दुसरीच वापरावी, आणि बाजूला पडलेला तो ढीग माणसाने सगळ्यात आधी वाचावा. विहीर आणि पूररेषा तिथेच सापडते.

डोकी मोजायचा मोह तर अजिबात नको. अमेरिकेत २०१७ साली इंटरनेट समानतेच्या (कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवावं, या) नियमांवर सुमारे २ कोटी २० लाख अभिप्राय आले आणि त्यातले जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होते, असं न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या २०२१ च्या अहवालात निघालं. आता तर यंत्राकडून हजार वेगवेगळ्या शब्दांतली हजार पत्रं लिहून घेता येतात. कारणं मोजली तर त्या हजारांचं एकच कारण उरतं, आणि ते एकदा नीट तपासलं की झालं. तसंच 'भावना विश्लेषण' नावाचा प्रकार, किती टक्के नाराज आणि किती टक्के समाधानी. हरकतींच्या अहवालात त्याला जागाच नसावी. शिवराळ पत्रात भक्कम कारण असू शकतं आणि नम्र पत्रात काहीच नसू शकतं.

बाकीचे फरक थोडक्यात. हस्तलिखित अर्ज स्कॅन करताना देवनागरी १ आणि ९ ची गल्लत होते, गट नंबरातली तिरपी रेघ गळते आणि ११२/२ चा ११२२ होतो. '०.४० हे.' आणि '४० आर' हे एकच क्षेत्र, पण यंत्र दोन धरतं. गट नंबर आणि क्षेत्र माणसाने मूळ कागदाशी ताडून घ्यायलाच हवं. सारांशातल्या प्रत्येक वाक्यापुढे आवक क्रमांक हवा. ज्या वाक्याला क्रमांक लागत नाही ते यंत्राच्या पदरचं समजावं आणि खोडावं. ब्रिटन सरकारने २०२५ मध्ये 'कन्सल्ट' हे लोकांच्या अभिप्रायांतले मुद्दे काढणारं साधन, स्कॉटलंड सरकारने एका विषयावर मागवलेल्या दोन हजारांवर उत्तरांवर चालवलं, तेव्हा तज्ज्ञांनीही तीच उत्तरं हाताने तपासून निष्कर्ष ताडून पाहिले. हा शिरस्ता इथेही हवा. ग्रामसभेचं इतिवृत्त तयार करणारं 'सभासार' हे पंचायती राज मंत्रालयाचं ऑगस्ट २०२५ चं साधन तक्रार आणि हरकत या दोन्हींच्या सॉफ्टवेअरहून निराळं. ते बोललेलं नोंदवतं, हरकत तपासत नाही.

आणि सारांश कितीही चांगला झाला तरी सुनावणी टळत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १५ प्रमाणे हरकत ६० दिवसांत लेखी द्यायची असते आणि हरकतदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. यंत्राने काढलेली यादी अधिकाऱ्याच्या तयारीसाठी ठीक, पण गटातला एक बोलावून बाकीच्यांना ऐकल्यासारखं दाखवणं चालणार नाही.

नागरिकांनी मसुदा लिहायला यंत्राची मदत जरूर घ्यावी, फक्त फिरता मसुदा उचलू नये. गट नंबर, आराखड्यातला आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी, मागणी आणि पर्याय हे आपण द्यायचं. शब्द नीट लावणं एवढंच त्याच्याकडून घ्यायचं, कायद्याची कलमं त्याने घातली तर स्वतः तपासायची. सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. प्रत्येक कारण वेगळ्या परिच्छेदात, क्रमांक घालून लिहा. म्हणजे 'अमान्य' असा एकच शब्द परत आला तर मुद्दा क्रमांक ३ चं उत्तर कुठे आहे, हे विचारता येतं.