इंग्रजी लेखनातील स्वल्पविराम, अपसारणचिन्ह आणि लोपचिन्ह

इंग्रजी वाक्याच्या पोटात येणारी ही तीन विरामचिन्हे बोलीत अनुक्रमे कॉमा, डॅश आणि तीन टिंबे म्हणून ओळखली जातात. ‘कॉमा’ या शब्दाच्या मुळाशी ‘कापलेला तुकडा’ या अर्थाचा ग्रीक शब्द असून तो आधी चिन्हाचे नव्हे, तर वाक्यखंडाचे नाव होता. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टोफेनीस याने इसवी सनापूर्वी सुमारे २०० च्या सुमारास, मोठ्याने वाचणाऱ्याला कोठे किती थांबावे हे कळावे म्हणून, वेगवेगळ्या उंचीवर टिंबे देण्याची पद्धत घातली. आजचा आकडीसारखा आकार पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याच्या छपाईतून रूढ झाला.

श्वासासाठी जन्मलेले हे चिन्ह आधुनिक इंग्रजीत मात्र व्याकरणाने बांधलेले आहे. वाचताना थांबावेसे वाटले तरी लांबलचक कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम चालत नाही. दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे हाही औपचारिक लेखनात दोष मानतात, आणि तेथे अर्धविराम, पूर्णविराम किंवा ‘अँड’, ‘बट’ यांसारखे उभयान्वयी अव्यय लागते. सर्वांत नाजूक प्रश्न संबंधी उपवाक्याचा आहे. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक’ असे सलग लिहिल्यास भाऊ अनेक असून त्यांतील नाशिकचा अभिप्रेत आहे असे सूचित होते. ‘हू लिव्ह्ज इन नाशिक’ हा भाग दोन स्वल्पविरामांत ठेवल्यास कोणता भाऊ हे आधीच ठरलेले असते आणि नाशिक ही केवळ जास्तीची माहिती उरते. मराठीभाषकाची एक सवय येथे आड येते: ‘तो म्हणाला की,’ असा स्वल्पविराम मराठीत सर्रास दिसतो, पण इंग्रजीत ‘दॅट’नंतर तो केवळ त्या शब्दामुळे देत नाहीत. मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुजली, तरी त्यांमागचे वाक्यरचनेचे नियम जसेच्या तसे आले नाहीत.

यादीतील शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी येणाऱ्या स्वल्पविरामाला, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाच्या प्रथेवरून, ‘ऑक्सफर्ड कॉमा’ म्हणतात. अमेरिकी ग्रंथव्यवहारात तो बहुधा देतात, वृत्तपत्रांत बहुधा गाळतात. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या वाढीव मोबदल्यातून वगळलेल्या कामांच्या यादीचा शेवट ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असा, ‘ऑर’पूर्वी स्वल्पविराम न देता, केलेला होता. त्यामुळे वितरण हे वगळलेले स्वतंत्र काम आहे की वितरणासाठीचे ‘पॅकिंग’ तेवढे वगळले आहे, असा वाद एका दुग्धकंपनीच्या वाहनचालकांनी उभा केला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता चालकांच्या बाजूने सोडवली, आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. निकालानंतर विधिमंडळाने त्या यादीत स्वल्पविरामांऐवजी अर्धविराम घातले. हा उपाय काहीसा रागावून केल्यासारखा वाटतो.

डॅश दोन लांबींचे असतात. आखूड ‘एन डॅश’ वर्षे किंवा पृष्ठे यांची कक्षा दाखवतो. लांब ‘एम डॅश’ वाक्यात मध्येच घातलेला मजकूर वेगळा काढतो किंवा विचार एकाएकी तुटल्याचे दाखवतो. अमेरिकी छपाईत एम डॅशच्या दोन्ही बाजू शब्दांना चिकटलेल्या असतात, तर अनेक ब्रिटिश प्रकाशक त्याच कामासाठी मोकळी जागा सोडून एन डॅश वापरतात. शब्द जोडणारे संयोगचिन्ह याहून वेगळे आणि अधिक आखूड असते. टंकलेखनयंत्रावर डॅशची कळ नसल्याने दोन संयोगचिन्हे लागोपाठ उमटवण्याची रीत पडली, आणि संगणकावरही ती टिकली.

लोपचिन्हात टिंबे तीनच असतात. अवतरणातून शब्द गाळल्याची कबुली देणे हे त्याचे विद्वत्तापूर्ण लेखनातले काम आहे, आणि गाळल्याने मूळ अर्थ फिरणार असेल तर चिन्ह असूनही ते अवतरण अप्रामाणिक ठरते. पूर्ण वाक्यानंतरचा मजकूर गाळल्यास अमेरिकी पद्धतीत पूर्णविरामासह चार टिंबे येतात. कथात्म लेखनात हेच चिन्ह अडखळणे किंवा विरत जाणारा आवाज दाखवते, तर बोलणे मध्येच तोडले गेल्यास तेथे डॅश देतात.