मिलिबार आणि टॉर : पाऊणपटीचा घोळ

व्हॅक्यूम गेजवर ०.१ दिसतंय. एकक मिलिबार असेल तर हा दाब १० पास्कल, टॉर असेल तर १३.३ पास्कल. दोन्ही एककं वातावरणाच्या दाबाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी, त्यामुळे चुकीचं एकक धरलं तरी आकडा खटकत नाही. मिलिबारऐवजी बार धरला तर हजारपटीची चूक कुणाच्याही लक्षात येते. ही तेहतीस टक्क्यांची चूक मात्र लॉगबुकात वर्षानुवर्षं सुखाने नांदते.

मिलिबार म्हणजे बरोबर १०० पास्कल. टॉर म्हणजे प्रमाण वातावरणाचा (१,०१,३२५ पास्कल) ७६०वा भाग, म्हणजे १३३.३२२ पास्कल. व्यवहारात १ टॉर आणि १ मिमी पारा एकच समजा. त्यांच्यातला फरक कुठल्याही गेजला दिसणार नाही इतका बारीक आहे.

तोंडी हिशेब सोपा आहे. मिलिबारमधून चौथा हिस्सा वजा केला की टॉर मिळतात, टॉरमध्ये तिसरा हिस्सा मिळवला की मिलिबार. उलट येताना पुष्कळ जण चौथाच हिस्सा मिळवतात. मग ४ मिलिबारचे ३ टॉर होतात आणि परत येताना ३.७५ मिलिबार; सहा टक्के वाटेतच गळतात. घातांकात दाखवणाऱ्या डिस्प्लेवर आणखी एक सापळा असतो. ०.००१२ मिलिबार म्हणजे ०.०००९ टॉर, म्हणजे डिस्प्लेवर घात उणे तीनचा उणे चार होतो. फक्त पुढचा अंक बदलून घात तसाच ठेवला, तर चूक थेट दहापट.

एसी-फ्रिजच्या कामातला ‘मायक्रॉन’ हा टॉरच्याच घरातला : पाऱ्याचा एक मायक्रॉन, म्हणजे मिलिटॉर. त्याला मायक्रोबार समजू नका, कारण १ मायक्रोबार भरतो ०.७५ मायक्रॉन. समजा, पंपाने दाब ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे ६६.७ पास्कलपर्यंत उतरवायचा आहे. डिजिटल गेजचं बटण चुकून दाबलं जाऊन एकक पास्कलवर गेलं आणि ५०० दिसताच पंप बंद केला, तर आत प्रत्यक्षात ३,७५० मायक्रॉन उरलेले असतात. (मॅनिफोल्डच्या, म्हणजे नळ्या-झडपांच्या जोडसंचाच्या, काट्याच्या गेजवर हे तपासू नये. ७६० मिमीच्या त्या पट्टीवर अर्धा मिमी वाचणारा डोळा अजून जन्मलेला नाही.)

जुन्या टर्बाइनच्या कागदांवर कंडेन्सरचा दाब ‘०.१ अटा’ असा लिहिलेला असतो. अटा म्हणजे निरपेक्ष किलो प्रति चौरस सेंटिमीटर : ९८,०६६.५ पास्कल, ९८०.७ मिलिबार किंवा ७३५.६ टॉर. याला प्रमाण वातावरण समजून ७६० ने गुणलं की ७३.६ च्या जागी ७६ टॉर येतात. फार कमी दाब या एककात आणताना स्प्रेडशीटही दगा देते. ०.०५ पास्कल म्हणजे ०.००००००५१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पेशी (सेल) दोन दशांशांवर ठेवली असेल तर तिथे ०.०० उमटतं. ती पेशी घातांकाच्या स्वरूपात ठेवा.

खरा आर्थिक फटका फ्रीझ ड्रायरमध्ये, म्हणजे माल गोठवून निर्वातात त्यातल्या बर्फाची थेट वाफ करून सुकवणाऱ्या यंत्रात, बसतो. ०.१ मिलिबारला बर्फाचं संतुलन तापमान सुमारे −४२ अंश असतं, ०.१ टॉरला सुमारे −३९.७. सेन्सर टॉरचा आणि पीएलसीतलं (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकातलं) स्केलिंग मिलिबारचं असेल, तर पडद्यावर ०.१ मिलिबार दिसत असताना आत ०.१३३ असतात. अडीच अंश वरवर किरकोळ वाटतात, पण माल कोसळण्याच्या (गोठलेली रचना ढासळण्याच्या) तापमानाला चिकटून चाललेल्या बॅचची वडी बसायला तेवढे पुरतात. कपॅसिटन्स मॅनोमीटर (पातळ पडद्याच्या वाकण्यावरून दाब मोजणारं गेज) बदलताना त्याच्या पाटीवरचं पूर्ण श्रेणीचं एकक वाचल्याशिवाय त्याच्या १० व्होल्टच्या सिग्नलला कुठलाही आकडा लावू नका.

तिथे दोन गेज जुळत नाहीत म्हणून एककालाच दोष देण्याचीही घाई नको. पिरानी गेज (वायू किती उष्णता वाहून नेतो यावरून दाब सांगणारं) नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेलं असतं आणि पाण्याच्या वाफेत ते सुमारे १.६ पट जास्त दाखवतं. कपॅसिटन्स मॅनोमीटरला वायू कोणता याने फरक पडत नाही. दोघांचं गुणोत्तर सुरुवातीला १.६ च्या आसपास असून माल सुकत जाईल तसं १ कडे उतरत असेल, तर यंत्रणा ठीक आहे. तो सुकल्याचाच इशारा आहे. कोरडा नायट्रोजन सोडूनही गुणोत्तर १.३३ वर अडून बसलं, तर एकक तपासा.

वातावरणापर्यंत मोजणारं गेज असेल तर सर्वात झटपट खात्री ते हवेत उघडं ठेवून होते. मुंबईत १,०१० च्या आसपास आकडा आला तर मिलिबार, ७६० च्या आसपास आला तर टॉर. पुण्यात ७६० शोधत बसू नका. तिथे उंचीमुळे साधारण ९५० मिलिबार किंवा ७१० टॉर दिसतात.