सदुसष्टावा भाग कुठे गेला? ‘सेलर मून आर’ची पार्श्वभूमी

‘सेलर मून’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या सलग क्रमांकातला सदुसष्टावा भाग अगदी साधा आहे. नायिका उसागी आणि तिच्या मैत्रिणी सुट्टीत समुद्रावर जातात, लहानगी चिबिउसाही बरोबर असते, आणि तिथे तिला प्लेसिओसॉर या प्राचीन समुद्री प्राण्याचं पिल्लू भेटतं. मुख्य कथा त्यात फारशी पुढे सरकत नाही. पण इंग्रजीतून ही मालिका पाहणाऱ्यांना हा एक भाग अधिकृतपणे घरी आणायला वीस वर्षं वाट पाहावी लागली. ‘सेलर मून आर’ हे दुसरं पर्व होम व्हिडिओवर कसकसं येत गेलं, याचा इतिहास या एका भागाच्या आधारानेही सांगता येतो. त्यासाठी आधी हे पर्व मुळात का निघालं ते पाहावं लागतं.

नाओको ताकेउची यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कोदान्शा प्रकाशनाच्या ‘नाकायोशी’ मासिकात १९९१च्या अखेरीस सुरू झाली. तोएई अ‍ॅनिमेशनची मालिका तिच्या पाठोपाठ, ७ मार्च १९९२ला टीव्ही असाहीवर आली. मासिकातली कथा आणि पडद्यावरची कथा जवळजवळ बरोबरीने चालत होत्या. बेत एका वर्षाचा होता. चंद्राच्या राज्याची, शत्रू राणी बेरिलची गोष्ट सांगायची आणि थांबायचं. शेचाळिसाव्या भागात ती खरोखर संपतेही. एकेक करून सगळ्या मैत्रिणी प्राण गमावतात. उसागी एकटी उरते, जिंकते आणि तीही जाते. मग सगळ्या पुन्हा साध्या शाळकरी मुली होऊन जाग्या होतात, आधीचं काही न आठवता. लहान मुलींच्या मालिकेचा इतका पूर्ण, इतका धीट शेवट त्या काळात क्वचितच कुणी केला असेल.

आणि बरोबर सात दिवसांनी, ६ मार्च १९९३ला, सत्तेचाळिसावा भाग लागला.

जपानी टीव्हीवर जादूई मुलींची परंपरा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. १९६६मध्ये तोएईनेच ‘माहोत्सुकाई सॅली’ आणली, १९६९मध्ये ‘हिमित्सु नो आक्को-चान’. या मुली एकट्या असत. जादू घरात, शाळेत, गल्लीत वापरत. मालिका संपली की दुसरी मुलगी, दुसरी जादू. जुन्या नायिकेला पुढे न्यायचं तर वाट बहुधा व्हिडिओची. ‘क्रीमी मामी’चे बावन्न भाग १९८४च्या जूनमध्ये संपले आणि त्याच वर्षी तिची पुढची कथा थेट व्हिडिओवर आली. ताकेउची यांनी या परंपरेत पाच जणींचं पथक आणलं. रंगीत पोशाखातल्या योद्ध्यांच्या ज्या मालिका मुलांसाठी वर्षानुवर्षं चालत, त्यांचा साचा मुलींच्या हाती दिला. त्या मालिकांत दर वर्षी नवा शत्रू येतो, नवी शस्त्रं येतात आणि दुकानात नवी खेळणी येतात. बान्दाई या खेळणी कंपनीची चंद्रकांडी अफाट खपली होती. मालिका बंद करणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

अडचण एवढीच होती की पुढची गोष्ट तयार नव्हती. मांगाचं दुसरं प्रकरण ताकेउची नव्याने लिहू लागल्या होत्या, आणि मासिक महिन्याला एक हप्ता देतं, टीव्ही आठवड्याला एक भाग मागतो. म्हणून तोएईच्या लेखकांनी स्वतःच्या मनाने तेरा भागांची एक कथा रचली. मांगात तिचा मागमूस नाही. अंतराळातून आलेले आइल आणि आन हे दोघे माणसांच्या अंगातली ऊर्जा काढून माकाईजू नावाच्या झाडाला पाजतात, कारण झाड जगलं तर ते जगणार.

आपल्याकडे अशा वेळी ‘मालिकेत पाणी घातलं’ असं म्हणतात. या तेरा भागांबद्दल चाहते वर्षानुवर्षं तसंच बोलत आले आहेत. मला ते पटत नाही. झाडाला ऊर्जा नाही, माया हवी होती, हे त्या दोघांना शेवटपर्यंत कळत नाही. त्यांना माया कुणी शिकवलेलीच नसते. उसागी त्यांना मारून नव्हे, समजावून जिंकते. शत्रूलाही बरं करता येतं हा या मालिकेचा पुढे ठळक झालेला सूर इथे लागला आहे. दुसऱ्याच्या गोष्टीची वाट पाहताना केलेलं हे काम आहे, पण मनापासून केलेलं आहे.

या सुरुवातीच्या भागांत कान देऊन ऐकावं असंही काही आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीस उसागीचा आवाज असलेल्या कोतोनो मित्सुइशी आजारी पडल्या. चव्वेचाळीस ते पन्नास या भागांत त्यांच्या जागी काए आराकी बोलल्या. म्हणजे ‘आर’च्या पहिल्या चार भागांतली उसागी आराकींची आहे. मित्सुइशी परतल्या, आणि साठाव्या भागात आकाशातून थेट उसागीच्या डोक्यावर एक गुलाबी केसांची चिमुरडी आदळली, तिचा आवाज म्हणून आराकींनाच निवडलं गेलं. ही चिबिउसा उसागीची भविष्यातली मुलगी असते. आईचा आवाज काही दिवस सांभाळणारी अभिनेत्री मुलीचा आवाज झाली. हे माहीत झाल्यावर मी सत्तेचाळिसावा भाग पुन्हा पाहिला, आणि तो मला वेगळाच ऐकू आला.

साठाव्या भागापासून आणखी एक बदल झाला. जुनिची सातो यांच्याकडून मालिकेचं मुख्य दिग्दर्शन कुनिहिको इकुहारा यांच्याकडे आलं. तिसाव्या शतकातलं क्रिस्टल टोकियो, नवा शत्रू असलेलं ब्लॅक मून घराणं, काळाच्या दाराशी एकटी उभी असलेली सेलर प्लूटो, स्वप्नात मिळालेल्या इशाऱ्यामुळे उसागीला दूर लोटणारा तिचा प्रियकर मामोरू, ही मुख्यतः मांगाच्या आधाराने चाललेली कथा त्यांच्या हाताखाली आली. ५ डिसेंबर १९९३ला ‘आर’चा तासाभराचा चित्रपट जपानी थिएटरांत लागला, तोही इकुहारांचाच. पात्रांच्या आराखड्यांवर काझुको तादानो यांचा हात होता, आणि मालिकेत तो ‘आर’पर्यंतच राहिला. त्या गोल, उबदार चेहऱ्यांची ज्यांना सवय झाली होती त्यांना पुढच्या पर्वातला फरक लगेच जाणवतो. त्रेचाळीस भाग होऊन १२ मार्च १९९४ला ‘आर’ संपलं. पुढे तीन पर्वं आली आणि फेब्रुवारी १९९७मध्ये मोजणी बरोबर दोनशेवर थांबली.

नावातल्या ‘आर’चा अर्थ कुणी ‘रिटर्न’ सांगतं, कुणी ‘रोमान्स’. पाहणाऱ्याला दोन्ही पटतात.

जपानमध्ये व्हीएचएस आणि लेझरडिस्क आल्या, त्यांत गुंतागुंत नव्हती. कोडं झालं ते अमेरिकेत. डीआयसी या कंपनीने पहिली दोन पर्वं घेतली, टोरंटोत डबिंग केलं आणि १९९५च्या सप्टेंबरपासून ती दाखवायला सुरुवात केली. उसागीची सेरीना झाली, मामोरूचा डॅरिअन, चिबिउसाची रीनी. संगीत बदललं. पंचेचाळीस आणि शेचाळीस हे दोन भाग कापून एक केला, त्यातल्या मैत्रिणी मरत नाहीत, नुसत्या पकडल्या जातात. साहजिकच सत्तेचाळिसाव्या भागाचा पायाच गेला. मुली सगळं का विसरल्या आहेत, आणि आठवण परत येताना उसागी का रडते, याचं वजन त्या आधीच्या मरणावर तोललेलं होतं. पहिल्या पर्वातले आणखी पाच भाग सरळ वगळले. ‘आर’मधला एकच गेला, तो सदुसष्टावा. मूळ एकोणनव्वदाचे ब्याऐंशी उरले.

तेही एकदम मिळाले नाहीत. अमेरिकेत अशा मालिका वेगवेगळ्या स्थानिक वाहिन्यांना विकल्या जात, रोज एक भाग, आठवड्याला पाच. तेरा आठवड्यांचे पासष्ट भाग ही विक्रीची ठरलेली जुडी होती. म्हणून डीआयसीचं काम पासष्टावर थांबलं. मूळ क्रमांकात हा बहात्तरावा भाग. ब्लॅक मूनची कथा ऐन मध्यावर, ब्लॅक मूनचा सरदार रुबेउस अजून हरलेला नाही, चिबिउसाचं घर वाचलेलं नाही. ‘सेव्ह अवर सेलर्स’ नावाने चाहत्यांनी मोहीम उघडली ती या उरलेल्या गोष्टीसाठी. पुढचे सतरा भाग १९९७मध्ये कॅनडात आणि मग अमेरिकेत केबलवर आले. त्यांना ‘हरवलेले भाग’ म्हणत, खरं तर हरवले काहीच नव्हते. जपानमध्ये ते तीन-साडेतीन वर्षांपूर्वीच दाखवून झाले होते.

या मधल्या वर्षांत चाहत्यांचा आधार होता तो हौशी मंडळींनी इंग्रजी सबटायटल घातलेल्या कॅसेटचा. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक नकलेत रंग थोडे फिके व्हायचे. तरी मूळ आवाज, मूळ संगीत आणि न कापलेली गोष्ट तिथेच होती.

अधिकृत दुरुस्ती डीव्हीडीच्या काळात सुरू झाली. एडीव्ही फिल्म्सने २००३मध्ये पहिल्या पर्वाचा न कापलेला, जपानी आवाजातला संच काढला आणि २००४मध्ये ‘आर’चा. शेचाळिसावा भाग अखेर पूर्ण मिळाला, आइल-आनची कथा मूळ नावांनी मिळाली. मात्र ‘आर’च्या संचात सहासष्टानंतर एकदम अडुसष्ट होता. थोड्याच काळात हक्कांची मुदत संपली आणि हे संचही बाजारातून गेले. ज्यांच्याकडे होते त्यांनी जपून ठेवले, बाकीच्यांनी चढ्या भावात शोधले. त्यानंतर दहाएक वर्षं इंग्रजी दुकानात ‘आर’ नव्हतंच.

१६ मे २०१४ला विझ मीडियाने जाहीर केलं की सगळे दोनशे भाग आणि चित्रपट त्यांच्याकडे आले आहेत, काहीही न कापता, नव्या इंग्रजी डबिंगसह. उसागी पुन्हा उसागी झाली. पहिल्या पर्वाचा पहिला संच त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आला, तेव्हा चित्राच्या दर्जावरून चाहते नाराज झाले. मला ती नाराजी रास्त वाटते. ही मालिका सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर, हाताने रंगवून १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती. त्या रेषांना मुळातच एक मऊपणा आहे. जुन्या व्हिडिओ प्रतीवरून चित्र ताणून मोठं केलं की रेषा जाड होतात, हलत्या आकृतींमागे सावल्या रेंगाळतात आणि ब्लू-रेच्या डबीत डीव्हीडीच पाहतो आहोत असं वाटतं. वीस वर्षं थांबलेल्या माणसाला हे टोचणारच. जपानमध्येही ब्लू-रे संच २०१७पासून निघू लागले.

‘आर’ विझकडून २०१५मध्ये आलं, अर्धं जुलैत, अर्धं ऑक्टोबरात. २०१७च्या सुरुवातीला ‘आर’चा चित्रपट अमेरिकेतल्या थिएटरांत लागला, जपानमध्ये लागल्यावर तेवीस वर्षांनी, आणि त्याच वर्षी त्याचा ब्लू-रेही निघाला. जुलैच्या संचात सहासष्टाव्या भागानंतर समुद्र दिसतो, सुट्टीला आलेल्या मुली दिसतात, आणि चिबिउसा त्या पिल्लाला मिठी मारते.