अडीचला जर्मन लोक 'अर्धे तीन' का म्हणतात?

बर्लिनमध्ये कुणी 'हाल्प ड्राय'ला भेटू म्हटलं, तर शब्दाला शब्द ठेवून त्याचं इंग्रजी होतं 'हाफ थ्री'. घोळ इथेच होतो. जर्मन माणूस अडीचची वेळ देतोय. ब्रिटनमध्ये मात्र बोलताना 'हाफ पास्ट थ्री'मधला 'पास्ट' सर्रास गाळतात, त्यामुळे लंडनचा पाहुणा साडेतीनला उगवणार. शब्द बरोबर आणि वेळ तब्बल तासाने चुकलेली.

इंग्रजीत वाजून गेलेल्या तासावर पुढची मिनिटं चढवतात. जर्मनमध्ये सध्या कितवा तास चालू आहे ते बघतात. दोनपासून तीनपर्यंतचा तास हा तिसरा; तो अर्धा भरला की 'अर्धा तिसरा'. चाळीस पूर्ण झाली की आपल्याला एक्केचाळिसावं लागतं, तसाच हा हिशेब.

मराठी माणसाला हे विचित्र वाटायचं खरं तर कारण नाही. आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरून प्राकृतमार्गे आला, म्हणजे अर्धा तिसराच! 'दीड'ही 'द्व्यर्ध'वरून आलेला. साडेतीनलाही असाच एक शब्द होता, 'औट'. त्याचं मूळ 'अर्धचतुर्थ'. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकीच्या जोडीला औटकीही घोकून घेत, आणि संतवाणीत 'औट हात' देह भेटतो. पुढे 'साडे'ने, म्हणजे 'अर्ध्यासह' अशा अर्थाच्या शब्दाने, औटाची जागा घेतली. दीड आणि अडीच मात्र जागचे हलले नाहीत. लहान मूल 'साडेदोन वाजले' म्हणतं तेव्हा ते नियमाने बरोबरच बोलत असतं, हसतो आपण!

युरोपातही ही पद्धत एकट्या जर्मनची नाही. डच, स्वीडिश, रशियन या सगळ्या भाषांत अडीचला 'अर्धे तीन' या धर्तीवरच सांगतात. डॅनिशने तर कमाल केली आहे: पन्नासला तिथे 'हाल्वट्रेस' म्हणतात, त्याचं मूळ 'अर्धा तिसरा गुणिले वीस', म्हणजे अडीच विसा. जुन्या इंग्रजीतसुद्धा अडीचसाठी 'अर्धा तिसरा' अशीच रचना होती. इंग्रजीने ती टाकून दिली, इतकंच.

घड्याळाच्या घडणीलाही हे सोयीचं होतं. चौदाव्या शतकात युरोपभर मनोऱ्यांवर यांत्रिक घड्याळं बसू लागली, त्यांना असलाच तर एकच काटा असे, तासाचा. तो दोन आणि तीनच्या मधोमध आला की तिसरा तास अर्धा सरला हे खालूनही दिसे. मिनिटकाटा रुळला तो ख्रिस्तिआन हायखेन्सने 1656 साली लंबकाचं घड्याळ बनवल्यानंतर. तोवर पाव तासाहून बारीक हिशेबाची फारशी कुणाला गरजही नव्हती.

या पाव तासावरून जर्मनांचं आपसातही जुळत नाही. सॅक्सनी, थुरिंगिया, श्वाबेन या भागांत सव्वादोनला 'फिर्टल ड्राय' म्हणतात, म्हणजे तिसऱ्याचा पाव भाग, आणि पावणेतीनला 'ड्रायफिर्टल ड्राय', तिसऱ्याचा पाऊण. हांबुर्गच्या माणसाला पहिल्यांदा हे ऐकून नक्की किती वाजले ते पुन्हा विचारावं लागतं. रेल्वेने हा प्रश्न निकालातच काढला आहे: वेळापत्रकात सरळ 14:30.

अनुवादकाची खरी परीक्षा 'फ्युन्फ फोर हाल्प ड्राय'पाशी. अर्ध्या तिसऱ्याला पाच कमी, म्हणजे दोन वाजून पंचवीस मिनिटं. इथे आधी काटे डोळ्यांसमोर आणायचे आणि मग 'ट्वेंटी-फाइव्ह पास्ट टू' लिहायचं. शब्दकोश उघडून काही हाती लागत नाही.

घड्याळ सोडून दिवसांकडे वळलं तरी सुटका नाही. 'इन आख्ट टागन' म्हणजे अक्षरशः आठ दिवसांत. इंग्रजीत 'एट डेज' लिहिलं तर पाहुणा एक दिवस उशिरा येईल, कारण जर्मन माणसाला म्हणायचंय एक आठवडा. आजचा सोमवार आणि पुढचा सोमवार अशी दोन्ही टोकं धरली की आठ भरतात. सात दिवसांच्या काळाला 'आठवडा' म्हणणाऱ्यांना हे आणखी समजावून सांगायला नको.