संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणं बँकेत का मिळत नाही आणि ते रीतसर कसं घ्यायचं

नवीन संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणं 28 मे 2023 ला जारी झालं. तेव्हापासून लोक बँकेत जाऊन विचारतात आणि कॅशियर नाही म्हणून परत पाठवतो. यात कॅशियरची चूक नाहीये. असं नाणं रिझर्व्ह बँकेतून बँकेत आणि तिथून आपल्या हातात असं येतच नाही, ते थेट सरकारी टांकसाळीकडून विकत घ्यावं लागतं, पण बातमीत फक्त "नाणं जारी" एवढंच येतं आणि सामान्य माणूस शंभरची नोट घेऊन काउंटरवर उभा राहतो. विक्री कुठे, कधी सुरू, कधी बंद, हे त्याच बातमीत दोन ओळीत सांगायला काय हरकत आहे मला खरंच कळत नाही.

गोंधळ व्हायचं आणखी एक कारण आहे. 2003 ला रेल्वेच्या 150 वर्षांचं 2 रुपयांचं नाणं आलं होतं, हातात कंदील धरलेला भोलू हत्ती (रेल्वेचा शुभंकर) असलेलं, ते सुट्ट्या पैशात सर्रास मिळायचं. त्याच निमित्ताने 100 रुपयांचंही काढलं होतं, ते मात्र कधी कुणाला सुट्ट्यात मिळालं नाही. तर साधा नियम लक्षात ठेवा, 75, 100, 150 असे आकडे दिसले की ते संग्रहासाठीचं नाणं, बँकेत जायचंच नाही.

आता पात्रता. वयाचा दाखला, नाणी जमवणारे असल्याचं सर्टिफिकेट, कुठल्या क्लबची मेंबरशिप, यातलं काही लागत नाही. टांकसाळींचा कारभार बघणाऱ्या सरकारी महामंडळाची (एसपीएमसीआयएल) ऑनलाइन विक्रीची साइट आहे, तिथे नाव, मोबाइल, ईमेल, पत्ता टाकून खातं उघडायचं, नाणं निवडायचं, पैसे भरायचे, झालं. लोक अडकतात ते पुढच्या गोष्टींवर.

पहिली अडचण किमतीची. दर्शनी किंमत 75 म्हणजे विक्रीची किंमत 75 असं धरून लोक बसतात आणि पेमेंटच्या पानावर आकडा बघून फसवणूक समजून बाहेर पडतात. अहो, राजपत्रात या नाण्याचं वजन 35 ग्रॅम आणि त्यात 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त असं दिलंय. म्हणजे साडेसतरा ग्रॅम नुसती चांदीच झाली, ती 75 रुपयात कशी येणार? त्यात प्रूफ आणि यूएनसी असे दोन प्रकार असतात, प्रूफ म्हणजे आरशासारखी चकाकी असलेलं, महाग, आणि यूएनसी म्हणजे साधं पण न वापरलेलं. ऑर्डर करताना कुठला प्रकार घेताय ते नीट वाचा, नंतर "मला चकचकीत हवं होतं" म्हणून उपयोग नाही.

दुसरी अडचण तारखांची, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच हुकतात. जारी झाल्याची तारीख वेगळी, बुकिंग सुरू व्हायची वेगळी आणि नाणं घरी पोचायची त्याहून वेगळी. बुकिंगच्या शेवटच्या तारखेला रात्री बसायचं, पैसे खात्यातून कटायचे आणि ऑर्डर नंबर मात्र आलेला नसायचा, असं होतं. ऑर्डर नंबर नाही म्हणजे बुकिंग नाही असंच समजा आणि पेमेंटच्या स्क्रीनशॉटसकट लगेच मेल करा. बुकिंग बंद झालेलं असलं तर साइट अधूनमधून बघत राहा, शिल्लक असली तर परत विक्रीला लावतात. आणखी एक, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा अशा चार टांकसाळी आहेत आणि प्रत्येक नाणं प्रत्येकीकडे विकायला नसतं, त्यामुळे कुठली टांकसाळ विकतेय ते बघितल्याशिवाय मुंबईत फोर्टच्या टांकसाळीत हेलपाटा मारू नका.

तिसरी गोष्ट नाव आणि पत्त्याची. आधारवर पूर्ण नाव आणि साइटवर घरातलं हाकेचं नाव असं करू नका, पोस्टमनने ओळखपत्र मागितलं की पंचाईत होते. फ्लॅट नंबर, पिन कोड, चालू असलेला मोबाइल नंबर, तिन्ही बरोबर हवेत. घर बंद असेल तर पार्सल पोस्टात काही दिवसच थांबतं, मग परत जातं. नोकरीवाल्यांनी ऑफिसचा पत्ता दिलेला बरा.

पार्सल आलं की बिल जपून ठेवा, हे हात जोडून सांगतो. पुढे मुलांना ते विकायचं झालं किंवा कुणी खरं का खोटं विचारलं तर हाच एक कागद कामाला येतो आणि नेमका तोच कुणाकडे नसतो, कारण पाकीट खोक्याबरोबर रद्दीत गेलेलं असतं. नाणं तपासून घ्या. व्यास 44 मिलिमीटर, एका बाजूला सिंहमुद्रा, खाली सत्यमेव जयते, रुपयाचं चिन्ह आणि 75, दुसऱ्या बाजूला संसदेचं चित्र आणि वर "संसद संकुल". कॅप्सूल म्हणजे नाण्याची प्लॅस्टिकची डबी उघडून बोट लावू नका आणि काळं पडलं म्हणून चिंचेने तर अजिबात घासू नका.

साइटवर संपलं म्हणून बाहेरून घेणार असाल तर जपून. "रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, आधी कमिशन भरा" असा मेसेज आला की तिथेच थांबा. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही आणि कसलंही कमिशन घेत नाही असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे परत मिळायची शक्यता कमी.