अतिनील दिवा आणि जर्मन कापडी बिल्ले

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन गणवेशांवरचा जो कापडी बिल्ला अतिनील दिव्याखाली चमकत नाही तो अस्सल, हा संग्राहकांत वर्षानुवर्षे रूढ असलेला समज फसवा आहे. चकाकी येते ती युद्धानंतर सर्रास वापरात आलेल्या कृत्रिम धाग्यांमुळे आणि धुण्याच्या पावडरीतील शुभ्रकारक रसायनांमुळे. म्हणूनच पुढे कधी धुतलेला अस्सल बिल्लाही उजळतो, आणि साध्या सुती धाग्याची नक्कल मात्र अंधारीच राहते. त्यापेक्षा बिल्ला उलटा करून पाहावा: बिल्ल्यावरचे गरुडाचे चिन्ह यंत्रमागावर विणलेले असेल तर त्याच्या मागच्या बाजूला रंगीत धागे सुटे धावताना दिसतात, तर भरतकामात टाके कापडाच्या आरपार गेलेले असतात. एसएसच्या (नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाच्या) बिल्ल्यांना साध्या पायदळाच्या बिल्ल्यांपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो, त्यामुळे नकलाही त्यांच्याच अधिक. तेव्हा केवळ दिव्याच्या भरवशावर अस्सलचा भाव मोजू नये.