कॅपो म्हणजे पट्टी, ट्यूनिंग म्हणजे तानपुरा

संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर कुणी पोरगा बोटांनी गिटार छेडत बसला, की घोळक्यातून एक जाणकार उगवतोच: "कॅपो लावलाय ना, म्हणजे ओपन ट्यूनिंग आहे." (ओपन ट्यूनिंग म्हणजे तारांचे सूरच बदलून, मोकळ्या तारा छेडल्या की कॉर्ड निघेल अशी गिटार लावणं.) या 'म्हणजे'वर मी आजवर इतका वाद घातलाय, की घरचे मला तिकडे फिरायला न्यायचं टाळतात.

कॅपो तुम्हाला ठाऊक आहे. गिटारच्या मानेवर बसणारा चिमटा. दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, लावला की जी कॉर्ड धरून ए वाजतो. गाणाऱ्याची पट्टी बदलली, चिमटा सरकवला, बोटं तीच. आपल्या स्केल-चेंजर पेटीचंच काम. कॅपोला लबाडी म्हणणाऱ्यांनी आधी एखाद्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला तसं सांगून पाहावं.

आता खरी गोची. कॅपो सगळ्या तारा सारख्याच चढवतो, म्हणून तारातारांमधलं अंतर जसंच्या तसं राहतं. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे जाड तारेपासून ई ए डी जी बी ई, शेजारच्या तारांत पाच-पाच फ्रेटचं अंतर असतं. फक्त जी आणि बी यांच्यात चार. कॅपो कुठेही न्या, हे आकडे हलत नाहीत. ट्यूनिंग बदललं की नेमके हेच हलतात.

डॅडगॅड हे ट्यूनिंग घ्या. दोन्ही ई उतरवून डी केल्या, बी उतरवून ए केली, बाकी तीन तारांना हात लावला नाही. खालून वर डी ए डी जी ए डी. डीला सा माना: सा प सा म प सा. मध्यम आणि पंचम आता शेजारच्या मोकळ्या तारांवर आले, अंतर फक्त दोन फ्रेटचं. एक विरायच्या आत दुसरा वाजतो आणि दोघं एकमेकांत मिसळतात, स्वरमंडळावर बोट फिरवल्यासारखे. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हेच करायला बोटं ताणावी लागतात. शिवाय मोकळ्या तारांत गंधारच नाही. शुद्ध की कोमल, ते वाजवणारा ठरवतो. इंग्लंडच्या गिटारवादक डेव्ही ग्रॅहमने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे ट्यूनिंग रुजवलं, तेही मोरोक्कोतलं संगीत ऐकून. तिथलं ऊद हे तंतुवाद्य ऐकलं असेल, तर यात नवल वाटणार नाही.

गायक पं. राम मराठ्यांच्या ठाण्यात हे तानपुऱ्यावरून सांगणं सोपं. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवतात. सा तिथेच असतो, भोवतालची हवा बदलते. याला कुणी 'पट्टी बदलली' म्हणतं का?

कानाने ओळखायचं तर एक खूण: कॅपो सूर फक्त वर नेतो. अंगठ्याखाली नेहमीच्या ईपेक्षा खालचा डी घुमला, तर निदान एक तार उतरवलेली आहे. (अख्खी गिटारच उतरवून वाजवणारेही असतात, तिथे ही खूण फसते. मग ते शेजारी गुंजणारे सूर शोधा.)

डॅडगॅडला 'ओपन' म्हणावं का, यावर मी भांडत नाही. ओपन जीच्या मोकळ्या तारा छेडल्या की सरळ जी मेजर मिळतो, इथे तसा मिळत नाही, इतकंच. बोटांनी वाजवणं फिंगरस्टाइल की फिंगरपिकिंग, तेही बोलताना काहीही म्हणा.

पाच तुकड्यांना पाच ट्यूनिंगं लावणारे मात्र मला कंटाळा आणतात. निम्मा वेळ खुंट्या पिळण्यात जातो, आणि नुकती उतरवलेली तार तुकड्याच्या मध्यावर पुन्हा सरकते. फ्रान्सचा गिटारवादक पिएर बेन्सुसाँ दशकानुदशकं एकट्या डॅडगॅडमध्ये राहिला. त्याला त्यातली प्रत्येक गल्ली ठाऊक आहे आणि ते ऐकूही येतं.

उरला अर्धा कॅपो, म्हणजे काहीच तारा दाबणारा, घोळाचा बादशहा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये फक्त ए, डी, जी या तीन तारा दुसऱ्या फ्रेटवर दाबल्या, की मोकळी गिटार ई बी ई ए बी ई बोलते. हुबेहूब डॅडगॅड, फक्त दोन फ्रेट वर. पण चिमट्याच्या पुढे बोट ठेवलं की सूर जुन्याच जागी सापडतात, कारण तारा कुणी उतरवलेल्याच नाहीत. तलावपाळीवरचा तो जाणकार फक्त इथे जवळपास बरोबर ठरला असता. त्या पोराच्या गिटारला मात्र साधा, अख्खा कॅपो होता.